म्हातारपणीचा छळ : आपलेच दात, आपलेच ओठ



मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर आपण इथे बरंच बोललो आहोत. आजचा विषय रक्ताच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही आणि पेशंट तो स्वतःहून जवळजवळ कधीच सांगत नाही. घरातल्या म्हाताऱ्या, परावलंबी माणसाचा घरातच होणारा छळ, हा तो विषय. सरकारनं त्यासाठी काय करून ठेवलंय आणि ते कुठे कमी पडतं, तेही पाहू. खाली ज्या पेशंटचा उल्लेख येईल त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

छळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मारहाण आली असेल. जोगेश्वरी पूर्वेला माझा दवाखाना आहे. तिथे मारहाण क्वचित दिसते. जास्त दिसतं ते वेगळंच. इन्सुलिन नियमित चालू आहे असं घरचे सांगतात आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा येतो बारा. चष्म्याची काडी तुटून सहा महिने झालेले असतात. कवळी हरवली, नवी केली नाही, म्हणून आजी पेज आणि चहात बुडवलेल्या पावावर दिवस काढतात आणि वजन सात किलोंनी उतरलेलं असतं. दुपारी घरात कुणी नसतं म्हणून बाहेरून कडी लावून जातात. "पडतील कुठेतरी, डॉक्टर," हे त्याचं कारण, आणि ते अगदीच खोटं नसतं. आजींना विचारावं तर उत्तर ठरलेलं, "राहून गेलं हो. त्यांना तरी कुठे वेळ असतो?"

उपाशी ठेवणं, औषध न देणं, किंवा उलट, गप्प पडून राहावं म्हणून झोपेची गोळी जास्त देणं. टाकून बोलणं, बोलणंच बंद करणं. पेन्शनचं एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवून घेणं, न वाचता कागदावर अंगठा घेणं. हे सगळं वैद्यकशास्त्र छळातच मोजतं. हात उगारायची गरज नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात अशा कुठल्या ना कुठल्या त्रासातून जावं लागतं. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये वृद्धांची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. 'लासी' या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात शंभरातल्या साधारण पाच जणांनी गेल्या वर्षभरात आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. म्हणजे आपल्याकडे छळ कमी आहे का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडे सांगणारे कमी आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसांसमोर "तुमचा मुलगा नीट वागतो ना?" असं विचारलं तर तुमची आई तरी काय उत्तर देईल? आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोललं तर मुलाची अब्रू जाते आणि रात्रीचं ताट त्याच घरात वाढलं जाणार असतं.

जोगेश्वरीत याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे कागद. डोंगरउतारावरच्या चाळींतली खोली पुष्कळदा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या नावावर असते. पुनर्विकास येतो, पात्रतेची यादी लागते आणि वर्षानुवर्षं कोपऱ्यातल्या खाटेवर पडून असलेल्या आजोबांची एकदम विचारपूस सुरू होते. सही होईपर्यंत फळं येतात, शहाळं येतं. सही झाल्यावर काय होतं, ते मी वजनकाट्यावर पाहते.

आता आमच्या बाजूचं सांगते, कारण घरच्यांनाही ते उपयोगी पडेल.

म्हाताऱ्या पेशंटला दोन मिनिटं तरी एकट्यानं भेटायचं, हा माझ्या दवाखान्याचा नियम आहे. सगळ्यांनाच लागू, म्हणजे कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. "तुम्ही जरा बाहेर बसा, मी यांना तपासते," एवढं पुरतं. सोबतचा माणूस बाहेर जायला अजिबात तयार नसेल, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत असेल आणि आजोबा बोलण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघत असतील, तर तेवढ्यातच मला बरंच कळतं.

कॅनडात माँट्रियलच्या फॅमिली डॉक्टरांसाठी सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार झाली. पाच प्रश्न पेशंटला, सहावा डॉक्टरनं स्वतःला विचारायचा. मी ते आपल्या बोलीत विचारते. आंघोळीला, जेवायला, बाजारहाटाला कुणाची मदत लागते? जेवण, औषध, चष्मा, डॉक्टर यांपासून कुणी अडवलं का? कुणाच्या बोलण्यानं लाज वाटली, धाक वाटला असं झालं का? कुठे जबरदस्तीनं सही किंवा अंगठा घेतला का? नको असताना कुणी अंगाला हात लावला, दुखवलं का? आणि सहावा: ही व्यक्ती नजर चुकवते आहे का, कपडे मळके आहेत का, अंगावर खुणा आहेत का, औषधांचा हिशेब जुळतो का? पहिला प्रश्न फक्त परिस्थिती कळण्यासाठी आहे. पुढच्या पाचांपैकी एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तरी थांबून नीट चौकशी करायची.

खुणांबद्दल सांगायचं तर, म्हातारपणी काळेनिळे डाग सहज पडतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी वृद्धांच्या अंगावरचे अपघाती डाग रोजच्या रोज तपासले. त्यातले जवळपास ९० टक्के हातापायांवर होते. मान, कान, नितंब, तळपाय इथे एकही नव्हता. म्हणून कानामागे किंवा मानेवर निळा डाग दिसला की माझा हात थांबतो. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे सांगता येत नाही, हेही त्याच अभ्यासातून दिसलं. पिवळा म्हणजे जुना, हा समज खरा नाही. दोन्ही दंडांवर सारखेच बोटांचे वळ, पुढचा हात आडवा धरताना मोडलेलं हाड, माकडहाडावरच्या जखमेत साचलेली घाण, या गोष्टी मी केसपेपरवर मापासकट लिहून ठेवते. पेशंटचं कारण त्याच्याच शब्दांत लिहिते, आणि ते कारण जखमेशी जुळत नसेल तर तेही.

पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नुसतं हाताला धरून उठवलं तरी डाग पडतो. सत्तरीनंतर हाताची कातडी कागदासारखी होते आणि आपोआप जांभळे चट्टे उठतात. वजन कर्करोगानं उतरतं, क्षयानंही उतरतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चांगली काळजी घेऊनही कधीकधी जखमा होतात. आणि स्मृतिभ्रंशाच्या पेशंटमध्ये "सून माझे दागिने चोरते", "मला जेवायला देत नाहीत" ही आजाराचीच नेहमीची लक्षणं असतात. अर्ध्या तासापूर्वी पोटभर जेवलेली आजी शेजारी जाऊन उपाशी असल्याचं सांगते, आणि सेप्झमध्ये दिवसभर उभी राहून आलेली सून मजल्यावर बदनाम होते. मराठी मालिकांनी सुनेचं जे करून ठेवलंय त्यात आपण भर घालायला नको. मात्र स्मृतिभ्रंश झालेल्या आजीचे दागिने खरोखर चोरीला जाऊ शकतात, तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून तर अधिकच सहज. दोन्ही शक्यता मनात ठेवून बघावं लागतं.

आता कायदा. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण' यासाठीचा कायदा संसदेनं २००७ साली केला. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये आले. या कायद्यानुसार मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्यावर आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे. निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. मूल नसेल तर ज्या नातेवाइकाला त्यांची मालमत्ता मिळणार आहे त्याच्यावर ती येते. अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण प्रांत म्हणतो. आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे, तुमचा भाग कोणत्या अधिकाऱ्याकडे येतो ते तिथे समजतं. वकील नसला तरी चालतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, फार तर आणखी ३० दिवस घ्यावेत, असं कायदा सांगतो. दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळू शकतात. म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी सोडून देणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

घराबद्दलचं कलम, कलम २३, तुम्ही नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा नातवंडाला बक्षीसपत्रानं द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. देणं इतकं सोपं. परत मिळवणं तसं नाही. "मला सांभाळशील" या अटीवर घर दिलं आणि नंतर सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं, हा कायदा वृद्धांच्या बाजूनं उदारपणे वाचावा आणि गरज पडली तर न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं, असं म्हटलं. दोन्हींचा व्यवहारातला अर्थ असा, की घर मुलाच्या नावावर करणार असाल तर सांभाळण्याची अट त्या कागदावरच लिहून घ्या. प्रेमात अविश्वास कसला, असं तुम्हाला वाटेल. पण मुलाचं प्रेम खरं असेल तर त्या एका ओळीनं ते कमी होणार नाही.

कायदा चालतो का? शेजारच्या साकीनाक्याचं उदाहरण घ्या. ऐंशीच्या घरातले आई-वडील, त्यांच्याच दोन खोल्या, आणि मोठा मुलगा त्यांना तिथे राहू देईना. २०२३ मध्ये अर्ज केला. २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं मुलानं खोल्या सोडाव्यात आणि दरमहा ३,००० रुपये द्यावेत असा आदेश दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे मुलाची बाजू ग्राह्य धरली गेली, कारण एव्हाना मुलगाच साठीचा झाला होता. ज्येष्ठ नागरिकाला ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं कसं बाहेर काढणार, हा मुद्दा निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अर्ज केला त्या दिवशीचं वय धरायचं, असं सांगितलं, आणि त्या दिवशी मुलगा ५९ वर्षांचा होता. न्याय मिळाला. पण ९० दिवसांच्या कायद्याला दोन वर्षं लागली, आणि ऐंशीव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या यादीतले ऐंशीचे पेशंट दर पावसाळ्यात कमी होतात.

आणखी एक वाट बायकांसाठी आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं बहुतेकांना वाटतं. आईसुद्धा त्याखाली मुलाविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. मुंबईतल्याच एका आई आणि मुलीच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यातले 'सज्ञान पुरुष' हे शब्द काढून टाकले, त्यामुळे आता तक्रार घरातल्या बाईविरुद्धही करता येते. त्याच वेळी, २०२० मध्ये न्यायालयानं हेही सांगितलं, की वृद्धांच्या कायद्याचा वापर करून सुनेचा राहत्या घरातला हक्क सरसकट हिरावून घेता येणार नाही. कारण तेही होतं. मुलगा बायकोला घराबाहेर काढायला आई-वडिलांना पुढे करतो, अशा अर्जांची कुजबुज माझ्याही कानावर येते.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, कायदा तर चांगला आहे. आहेच. माझी तक्रार दुसरी आहे. हा कायदा मुळात पोटगीचा आहे. त्यात 'छळ' या शब्दाची व्याख्याच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये एक दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं. त्यात छळाची व्याख्या होती, सून-जावयावरही जबाबदारी होती, १०,००० ची मर्यादा काढली होती. ते मंजूर झालंच नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताना बारगळलं. आणि पोटगीच्या कायद्याचं एक गृहीत असतं, की ज्याला हवं आहे तो येऊन मागेल. ज्या आजीला जिना उतरता येत नाही, जिचा फोन नातवाकडे आहे, जिला आज कोणता वार हे आठवत नाही, ती वांद्र्याला जाऊन अर्ज कसा करणार? जी करू शकते ती करणार नाही, कारण पोटचा पोर आहे.

लहान मुलांच्या बाबतीत आपण हे ओळखलं आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर डॉक्टरला कळवावंच लागतं, नाही कळवलं तर तो गुन्हा. परावलंबी मोठ्या माणसासाठी असं काही नाही. मोठ्या इस्पितळात जखम संशयास्पद वाटली तर पोलीस केस म्हणून नोंद होते, पण उपासमारीची आणि कडी लावलेल्या दाराची कुठे नोंद होणार?

इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनं ही जबाबदारी उलटी केली. एखाद्या मोठ्या माणसाला काळजीची गरज आहे, त्याचा छळ होत असल्याची शक्यता आहे आणि तो स्वतःचं रक्षण करू शकत नाही, एवढं दिसलं की तिथल्या स्थानिक नगरपरिषदेला चौकशी करावीच लागते. त्या माणसानं आधी लेखी तक्रार करायला हवी असं नाही. जपानचा कायदा २००६ पासून लागू आहे आणि त्याच्या नावातच दोन गोष्टी आहेत, वृद्धांचा छळ रोखणं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना आधार देणं. मला ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रात्री चार वेळा उठून सासऱ्यांची चादर बदलणारी आणि सकाळी सव्वासातची लोकल पकडणारी बाई एक दिवस ओरडते, दुसऱ्या दिवशी हात उगारते. तिला पोलिसांची भीती घालून सासऱ्यांची चादर कोरडी होणार नाही. आठवड्यातून दोन दुपारी कुणी तिच्या जागी बसणारं मिळालं तर होईल.

आपल्याकडे दार ठोठावण्याची तरतूद अगदीच नाही असंही नाही. ज्येष्ठांच्या कायद्याखालच्या नियमांत, पोलीस ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी आणि पोलिसानं समाजसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून एकदा तरी भेट द्यावी अशी कल्पना आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये ओशिवरा पोलिसांच्या हद्दीत, आपल्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, अमेरिकेहून आलेल्या मुलानं फ्लॅटचं दार उघडलं तेव्हा आत आईचा सांगाडा होता. शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मध्ये झालेलं. तेव्हा सगळ्यांनी मुलाला शिव्या दिल्या. मला प्रश्न पडला तो मधल्या सगळ्या महिन्यांचा. मेन्टेनन्सचं बिल, दूधवाला, मजल्यावरची माणसं. आपल्या चाळींत असं होणार नाही, इथे भिंतीला कान लावायचीही गरज नसते. पण म्हणूनच इथला छळ सगळ्यांना माहीत असतो आणि तो त्यांच्या घरचा प्रश्न असतो. आता चाळी उतरून बावीस मजल्यांचे टॉवर होताहेत, दारं बंद राहू लागली आहेत. तो फायदाही जाईल.

माझं मत विचाराल तर हे काम एकट्या पोलिसांवर टाकू नये. पोलीस दारात आले की मजला गोळा होतो आणि म्हातारी घाबरून "काही नाही साहेब" म्हणते. महापालिकेच्या आरोग्य सेविका पोलिओसाठी, क्षयरोगासाठी घरोघरी जातातच. त्यांना ते सहा प्रश्न शिकवले आणि 'हो' आल्यावर कुणाला कळवायचं ते ठरवून दिलं, त्या कामाचा वेगळा मोबदला दिला, तर वेगळी यंत्रणा उभी करावी लागणार नाही. मोबदल्याचं मुद्दाम लिहिलं, कारण आपल्याकडे नवं काम नेहमी त्यांच्याच पिशवीत जातं आणि पगार होता तिथेच राहतो.

परावलंबी म्हणजे फक्त म्हातारे नव्हेत, हे इथे थोडक्यात सांगून टाकते. मतिमंद किंवा मानसिक आजार असलेली तरुण माणसंही अशीच कोंडलेली, मार खाणारी असतात. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार अशा छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार मानसिक रुग्णाला घरात वाईट वागणूक मिळते आहे असं मानायला कारण असेल, तर ठाण्याच्या प्रमुखानं ते दंडाधिकाऱ्याला कळवायलाच हवं. इथे 'अर्जदारानं स्वतः यावं' ही अट नाही. म्हाताऱ्यांच्या कायद्याला हेच शिकता आलं असतं.

तर तुम्ही काय करू शकता? एक बारीक कलम लक्षात ठेवा. ज्येष्ठ व्यक्तीला स्वतः अर्ज करणं जमत नसेल तर तिनं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. म्हणजे शेजारी, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीचा सेक्रेटरी यांना रस्ता बंद नाही. एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांक मोफत आहे, सकाळी आठ ते रात्री आठ चालतो, आणि शेजाऱ्यानं केला तरी चालतो. जिवाला धोका दिसत असेल तर ११२. पैशाचा छळ वाटत असेल तर आधी बँकेत जा: कार्ड बंद करून नवं घेणं, मोबाईल नंबर स्वतःचा जोडणं, ही कामं अर्ध्या दिवसात होतात आणि पुष्कळदा कुठल्याही आदेशाआधी त्यांचाच उपयोग होतो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा नाही, मग कागद कुणीही आणलेला असो. आणि तुमच्या मजल्यावरची आजी चार दिवस दिसली नाही तर "वाटीभर साखर आहे का" म्हणत दार वाजवा. साखरेसाठी वाजवलेल्या दाराला कुणी हरकत घेत नाही.

सगळ्यांत अवघड असतं ते, शुद्धीवर असलेल्या, सगळं समजणाऱ्या माणसानं "नको" म्हटलं तर. माझ्याकडे एक काका येतात. अठ्ठ्याहत्तरचे, कंपनीतून निवृत्त, डोकं लख्ख. मुलगा पितो, पेन्शन काढून घेतो, आणि महिन्याच्या अखेरीला काकांच्या मनगटावर वळ असतात. मी पहिल्यांदा तक्रारीचं बोलले तेव्हा म्हणाले, "त्याला आत टाकलं तर मला गोळ्या आणून देणार कोण, डॉक्टरबाई?" प्रश्न बरोबर होता. त्यांच्या संमतीशिवाय मी पोलिसांना बोलवायचं का? जिवावर बेतलं असतं तर हो. तोवर, निर्णय त्यांचा. निर्णय घेण्याचा हक्क काढून घेणं हाही म्हाताऱ्यांच्या बाबतीत सर्रास होणारा एक छळच आहे, आणि तो आम्ही डॉक्टरही चांगल्या हेतूनं करतो.

म्हणून आम्ही मागच्या दारानं काही गोष्टी केल्या. दर सोमवारी रक्तदाब तपासायला यायचं असं लिहून दिलं, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी त्यांना बघणारं कुणी असेल. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा खालच्या केमिस्टकडे ठेवला, तो रोज सकाळी देतो. पेन्शनच्या दिवशी शेजारचे निवृत्त मास्तर त्यांच्यासोबत बँकेत जातात. कार्ड बदललं. मुलाला व्यसनमुक्तीसाठी पाठवायचा दोनदा प्रयत्न झाला. एकदा तो गेला, नऊ दिवस राहिला.

मागच्या सोमवारी काकांचं वजन दीड किलोनं वाढलेलं होतं आणि मनगट स्वच्छ होतं. न्यायाधिकरणाचा अर्ज आम्ही दोघांनी बसून पूर्ण भरला आहे. त्यांच्या सांगण्यावरून तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. सही अजून केलेली नाही.